सुकन्या पोचेपर्यंत

मी काचेची थंड पेटी बोलतेय. मढं ठेवतात ना, तीच. दचकलात? दचका खुशाल, मला सवय आहे.

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये माझा पत्रा ठोकला, काच बसवली आणि एका मंडळानं मला विकत घेतलं. कुणी गेलं आणि त्याचं लेकरू परदेशात असलं, की मला टेम्पोत घालतात. माणसंही काय एकेक! रडता रडता माझ्यावरच चहाचे कप ठेवतात.

परवा दुपारी वळसंग गावात ईरप्पा वारले. एकुलती लेक सुकन्या कॅनडात, व्हँकूवरला. त्यांच्यात माणसाला मांडी घालून, बसवून माती देतात. अंग आखडायच्या आत बसवायला हवं. माझ्यात तर आडवंच ठेवावं लागतं. सगळे पेचात पडले.

पुतण्या मल्लिकार्जुननं फोनमध्ये दोन्ही विमानतळांची नावं टाकली. "व्हँकूवर ते हैदराबाद बारा हजार किलोमीटर. पंधराच तास लागत्यात. उद्या सकाळी हितं असंल की!"

एवढ्यानं काही बिघडत नाही म्हणून ईरप्पांना माझ्यात निजवलं.

पण फोननं ते अंतर नकाशावर सरळ रेघ मारून काढलं होतं. तसं थेट विमानच नव्हतं! सकाळी सुकन्याचा फोन आला, तेव्हा ती लंडनला दुसऱ्या विमानाची वाट बघत बसलेली.

मातीचे विधी करायला आलेले स्वामी मल्लिकार्जुनवर भडकले. "वाटंत थांबायचं धरलंच न्हाईस व्हय रे? काढा भाईर त्यास्नी. अजून गार केलं तर बसायचे न्हाईत. आडवं पुरायचं का?"

ईरप्पांची बायको सुंदरम्मा माझ्या काचेवर हात पसरून उभी राहिली. "पोरीनं तोंड बघितल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

दुपारी वीज गेली. माझं मशीन घरघरून बंद पडलं, काचेला पाणी सुटलं. भीतीनं मी अर्धी झाले हो! मनात म्हटलं, पोरी, लवकर ये गं. मल्लिकार्जुननं पळत जाऊन जनरेटर आणला. मी परत गार झाले, पण ईरप्पांचे पाय लाकडासारखे ताठले होते.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर हैदराबादहून गाडी आली. सुकन्यानं बापाचं तोंड पाहिलं आणि हंबरडा फोडला. मग ईरप्पांना बाहेर काढलं. चौघांनी जोर लावला, गुडघे वाकेनात. स्वामींनी मान फिरवली. सुंदरम्मा लेकीकडं वळली. "माझ्यापायी झालं गं हे."

सुकन्यानं सगळ्यांना मागं सारलं. बापाचे गुडघे कुशीत घेतले आणि तळव्यांनी किती तरी वेळ चोळत राहिली.

"अप्पा, आले वो मी. बसा की आता."

हळूहळू एक गुडघा वाकला. मग दुसरा.

मला टेम्पोत चढवलं तेव्हा ईरप्पा मांडी घालून बसले होते आणि सुकन्या त्यांना धरून होती. लांब गेलेल्या लेकरांनो, माझ्या काचेतनं आईबापाचं तोंड बघायची पाळी येऊ देऊ नका. ती बोलती-चालती आहेत तोवर या. मला गंज चढला तरी चालेल.