कप्तान ओडगर्सचा डावा हात

“मोज,” टॅमसिन म्हणाली. “मावशी, तूच मोज. मी तीनदा मोजली.”

तिने फोन चहाच्या कपांमधून पुढे सरकवला. ग्लेनिसने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पडद्यावर तिनेच काढलेलं चित्र होतं, तिच्या चित्रकथेचा तेविसावा भाग. कप्तान ओडगर्स आपल्या टपालयानाचा ब्रेकचा दांडा डाव्या हाताने खेचतोय, मागे काचेतून मंगळाचं तांबडं रान, वर दोन चंद्र. चित्राखाली ‘तिसरी पाळी’ असं नाव लावून कुणीतरी लिहिलं होतं :

‘कप्तानाचा डावा हात बघा. पहिल्या सोळा भागांत बोटं चार. सतराव्यापासून पाच. ज्या बाईने आधीची चित्रं काढली, तिच्या हातची ही नाहीत. ही यंत्राकडून काढून घेतलेली आहेत.’

त्याच्याखाली साठ-सत्तर जणांनी आपापली काडी टाकली होती. कुणी म्हणे मला आधीपासून वाटतच होतं. कुणी म्हणे म्हातारीने चांगलंच बनवलं आपल्याला.

“यंत्राकडून म्हणजे?”

“संगणकाला नुसतं सांगायचं, असं असं चित्र दे. तो देतो काढून. फक्त बोटांत मार खातो, कधी सहा काढतो, कधी चार. म्हणून लोक हल्ली आधी बोटंच मोजतात.”

“आणि कप्तानाला पाच?”

“पाच.”

“मी पाच काढूच शकत नाही,” ग्लेनिस म्हणाली.

ते खरं होतं. कप्तान ओडगर्सचा डावा हात तिच्या नवऱ्याचा, ॲथलचा होता. पेपर मिलमध्ये रात्रपाळीला फाटलेला कागद ओढून काढताना ॲथलची अंगठी यंत्राच्या फिरत्या रुळात अडकली आणि करंगळीशेजारचं बोट अंगठीसकट गेलं. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुढची चव्वेचाळीस वर्षं ग्लेनिस त्या चार बोटांशेजारी झोपली. ती चित्रकथा, ‘मंगळाचं टपाल’, सुरू झाली तेव्हा दर बुधवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचा, दांडा म्हणून हातात लाटणं धरायचा. “अजून वर धर,” ती म्हणायची. “मंगळ आला की सांग,” तो म्हणायचा.

असं सोळा आठवडे चाललं. जुलैअखेर तो गेला.

दर गुरुवारी एक पान नेटवर चढायचं, आणि आठ पानं झाली की पुस्तिका, दोन पिना मारलेली, काळी शाई आणि एकच नारिंगी रंग. ग्लेनिसच्या लहानपणी लोक जसं भविष्य रंगवायचे तसं ते भविष्य होतं. यानाच्या पत्र्यांना रिबिटं, रेडिओला काचेच्या नळ्या, आणि मंगळावर माणसाला पत्र पोचवायला माणूसच जातो. दोन पुस्तिका निघाल्या होत्या. तिसरी, सतरा ते चोवीस भागांची, पुढच्या शनिवारी लॉन्सेस्टन शहरातल्या हॉलमध्ये मांडायची होती. स्वतः काढून स्वतः छापणाऱ्यांची जत्रा भरते तिथे. पहिली पुस्तिका निघताच नाव नोंदवून टेबल मिळालं होतं, आणि ॲथलने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला होता. गोल अजून होता.

“अजून एक आहे,” टॅमसिन खालच्या आवाजात म्हणाली. “जत्रेवाल्या रोवेनाबाईंचं पत्र आलंय. नियम आहे म्हणे, सगळं हातचं हवं. मूळ पानं घेऊन या, नाहीतर टेबल दुसऱ्याला देऊ.”

ग्लेनिस भाचीकडे बघत राहिली. टॅमसिन गावच्या लायब्ररीत कामाला होती. पानं घरी न्यायची, नेटवर चढवायची, पुस्तिका लायब्ररीच्या यंत्रावर छापायची. सगळं तिच्याच हातून जायचं.

“नेटवर टाकायच्या आधी तू पान साफ करतेस ना गं?”

“करते.”

“काय साफ करतेस?”

“डाग. तुझ्या चहाचे.”

“डागच? नाही, मी आपलं विचारते. तो संगणक काही लावत-बिवत नाही ना आपल्या मनाने? किंवा तू, चांगलं दिसावं म्हणून...”

टॅमसिनने कप बशीत ठेवला. “मावशी, सरळ विचार ना. मी मेल्या माणसाला बोट चिकटवलं का, असं.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“माझी आई पण तसं म्हणायची नाही. नुसती अर्ध्या झालेल्या दुधाच्या बाटलीकडे बघायची, मग माझ्याकडे. तुम्हा बहिणींचं रक्तच तसलं!” तिने कोट उचलला. दार तिने आपटलं नाही, हळू ओढून घेतलं. ते जास्त लागलं.

संशयाचं तण लावावं लागत नाही, आपलं आपण उगवतं. दुसऱ्या दिवशी बेकरीत ग्लेनिस पावासाठी उभी राहिली तर पावापेक्षा लोकांचे हातच जास्त दिसले. पोस्टातल्या वेराने “काय म्हणतोय तुमचा मंगळ?” विचारलं. ती गेले पाच महिने हेच विचारत होती, पण आज त्यात काहीतरी खोचलेलं वाटलं. चर्चपाशी दोघी बोलत होत्या, ती जवळ जाताच हवामानावर आल्या. त्यांच्या गावी, कॉलिस पॉइंटला, हवामानाबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. वारा समुद्राकडून येतो आणि येतच राहतो. हिला माहीत असणार, तो त्याला सांगून बसला असणार, असं करत करत ग्लेनिस घरी पोचेपर्यंत अख्खं गाव ‘तिसरी पाळी’ झालं होतं.

घरी येऊन तिने नकाशे ठेवतात तसला रुंद, उथळ खण उघडला. मूळ पानं त्यात होती. टॅमसिनची लबाडी इथे उघडी पडणार होती. नेटवर पाच आणि कागदावर चार.

तिने सोळावं पान काढलं. बोटं चार. ती दुखरी रिकामी जागा, शेजारच्या दोन बोटांनी सरकून थोडी भरून काढलेली.

सतरावं काढलं.

पाच होती. शाई तिची होती. बोटाच्या पेरावर ब्रश टेकवून उचलायची लकब तिचीच होती. अठरावं, पाच. एकोणिसावं, पाच. चोविसावं परवाच पुरं केलेलं, तिथेही पाच, सरळ, भरलेली, तरुण.

तिने सतरावं पान उलटं केलं. प्रत्येक पानामागे पेन्सिलीने वार-तारीख टाकायची तिची सवय. ॲथलला शुक्रवारी पुरलं. पानावर त्यानंतरचा पहिला बुधवार होता. समोरची खुर्ची रिकामी होती, लाटणं खणात होतं, आणि हात आठवणीतून काढला होता. आठवणीतून आला तो रुळात जायच्या आधीचा हात. गावच्या हॉलमधल्या नाचात, एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे पहिल्यांदा धरलेला.

आठ पानं काढली, एकदाही दिसलं नव्हतं.

तिने पानं परत खणात ठेवली. मग टॅमसिनला फोन लावला. “चूक माझी होती,” म्हणाली. “सगळी.” पलीकडून टॅमसिन एवढंच म्हणाली, “जेवलीस का?”

पण फोन ठेवल्यावर दुसरंच काही मनात रुतलं. ज्या बाईने हात काढला तिला जे दिसलं नाही, ते दिसलं कुणाला? नेटवरच्या परक्याला कप्तानाची चार बोटं ही चूक वाटली असती. याला पाच ही चूक वाटली. म्हणजे याला ती चार माहीत होती. आणि नाव, तिसरी पाळी. मिलमध्ये रात्रपाळीला तिसरी म्हणायचे. तिने सतरावं पान काखेत घेतलं आणि ती बाहेर पडली.

लिंडसे आपल्या अंगणात शेवंड पकडायचा पिंजरा विणत बसला होता. वेताची कांडी दातात, कुत्रं पायाशी. ॲथलबरोबर त्याने मिलमध्ये एकतीस वर्षं काढली होती; शवपेटीला पुढचा खांदा त्याचाच होता. ग्लेनिसला बघून त्याने वेत तोंडातून काढला, पण उठला नाही.

“आलीस,” तो म्हणाला.

“तू लिहिलंस?”

“मी.”

“सत्तर माणसं मला चोर म्हणतायत, लिंडसे.”

“सत्तरांचं मला सांगू नकोस. मी एकट्याने लिहिलं. एका बोटाने दाबत दाबत, अर्धा दिवस गेला.”

“दार चार घरांवर आहे माझं! येऊन विचारता आलं नाही? बायकांसारखं चिठ्ठ्या टाकतोस!”

“विचारून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, मीच काढलं. मग मला तुझ्यावर विश्वास ठेवावा लागला असता.” तो पिंजऱ्याकडे बघत बोलत होता. “पहिले सोळा भाग मी रोज उघडून बघायचो. ॲथल होता त्यांत. दांडा खेचताना ओठ कसा चावायचा, तेसुद्धा. मग तो गेला, आणि सतराव्यात हात एकदम धडधाकट. मी म्हटलं, झालं. बाई दमली. तिने ॲथलला कुठल्यातरी यंत्रात घातला, आणि यंत्राला काय माहीत त्याचं बोट.” तो थांबला. “त्याला यंत्राच्या तोंडात मी एकदा बघितलाय, ग्लेन. थांबवायचं बटण मीच दाबलं होतं. पुन्हा नव्हतं बघायचं मला.”

ग्लेनिसने काखेतलं पान काढलं, उलटं करून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. तारीख वाचली. ओठांनी दिवस मोजले.

“हा तर... आपण त्याला शुक्रवारी...”

“हो.”

“आणि तू बुधवारी बसलीस.”

“बुधवार होता,” ती म्हणाली. “बुधवारी बसायचंच असतं.”

लिंडसेने पान सुलटं केलं. अंगठा त्या बोटाजवळ नेला, टेकवला नाही.

“मला वाटलं, तू त्याला विसरलीस,” तो म्हणाला.

कुत्र्याने एकदा वर बघितलं आणि पुन्हा पंजांवर डोकं ठेवलं.

छपाईच्या आदल्या दिवशी टॅमसिन म्हणाली, “सांग फक्त. पाच मिनिटांत आठही पानांवरचं ते जास्तीचं बोट पुसून टाकते. कुणाला कळणार नाही.”

“मग लिंडसे जे म्हणत होता, ते खरंच होईल.”

“बरं, तू पूस. पांढरी शाई आहे तुझ्याकडे.”

तेही खरंच होतं. ग्लेनिसने सतरावं पान दिव्याखाली घेतलं, बारीक ब्रश पांढऱ्यात बुडवला. ब्रश बोटावर आला आणि तिथेच राहिला. शाई टोकाला जमून जड झाली, तशी तिने ब्रश मागे घेऊन बशीच्या कडेला पुसला.

“एकदा गेलंय ते,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा माझ्या हातून नको.”

टॅमसिनने पांढऱ्या शाईचं झाकण लावलं. तिसरी पुस्तिका आहे तशी छापली.

शनिवारी लॉन्सेस्टनच्या हॉलमध्ये रोवेनाबाईंनी सगळी पानं पुढून बघितली, मागून बघितली. कागदावर नख फिरवून पाहिलं. त्यांचा चेहरा शेवटपर्यंत बंद दारासारखा होता. रांगेतले दोघे-तिघे मान उंचावून बघत होते. बातमी त्यांच्यापर्यंतही पोचलेली दिसत होती.

“हातचं आहे,” त्या अखेर म्हणाल्या, जरा नाइलाजानेच. “पण मग हे बोटाचं काय? लोक विचारणार. मी काय सांगू?”

ग्लेनिसने पानं एकावर एक रचली, कडा सारख्या केल्या.

“चूक आहे म्हणून सांगा. माझी आहे.”

दिवसभरात कितीजणांनी पुस्तिका उघडून आधी डावा हात मोजला. काहींनी मोजून परत ठेवली. एक उंच बाई मोजत मोजत शेवटच्या पानापर्यंत गेली, मग पहिल्यापासून वाचायला लागली आणि तिथेच उभी राहिली. ‘तिसरी पाळी’ने नेटवर एक ओळ टाकली होती : ‘मी चुकलो. हात तिचाच आहे.’ त्यावर कुणीतरी लगेच विचारलं होतं, तुला किती पैसे मिळाले? संशयाला तेवढं उत्तर पुरत नाही. पण टेबल संध्याकाळपर्यंत तिचंच राहिलं.

बुधवारी दुपारी तीनला मागच्या दारावर टकटक झाली. लिंडसे होता. बूट काढून, केस पाण्याने बसवून आलेला, हातात काही नाही.

“पुढचा भाग काढायचा असेल ना,” तो म्हणाला. “आज बुधवार.”

ग्लेनिसने त्याला आत घेतलं. तो सरळ खुर्चीकडे गेला, बसायच्या आधी एकदा तिच्याकडे बघितलं, आणि बसला. तिने खणातून लाटणं काढून दिलं.

“डाव्या,” ती म्हणाली. “वर धर.”

“एवढं?”

“अजून.”

तिने कागद पसरला, शाईच्या बाटलीचं झाकण काढलं. मान वर केली तेव्हा लिंडसे समोरच्या भिंतीकडे बघत होता, कप्तानासारखा ताठ. लाटणं त्याने घट्ट धरलं होतं, आणि करंगळीशेजारचं बोट न सांगता तळव्याकडे मुडपून घेतलं होतं. सवय नव्हती, म्हणून बोट पुन्हा पुन्हा उघडत होतं आणि तो ते परत मुडपत होता.

“दुखलं तर सांग,” ग्लेनिस म्हणाली.

“तू काढ,” तो म्हणाला.