खिडकीत खोचलेला फोन

मित्रांनो, माझी रिंग कधी वाजली नाही आणि माझ्या पोटात बॅटरीही नाही, तरी मी फोन आहे. जुना, पुठ्ठ्याचा, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेला. तो डाग बानित्साचा आहे. प्लोव्दिवमधल्या ज्या कचेरीत फोनवरची ॲप तयार होतात, तिथे रोज सकाळी कोणीतरी चीज भरलेली गरम बानित्सा खोक्यातून आणतं. खोकं रिकामं झालं की कचऱ्यात जातं. मी गेलो नाही, कारण रालित्साच्या हातात कात्री होती.

रालित्सा तिथली डिझायनर. तिनं माझा तळहाताएवढा तुकडा कापला, मध्ये चौकोन पाडला आणि त्यातून कागदाची लांब पट्टी ओवली. पट्टी ओढली की माझा पडदा बदलायचा. बटण पेन्सिलीचं, अक्षरंही पेन्सिलीचीच. दुपारच्या कॉफीआधी मी तयार झालो. तिचा साहेब ल्युबेन तेवढ्यात तिथून चालला होता.

"हे काय?"

"नमुना आहे."

"असं होय. मला वाटलं, भाचीचा गृहपाठ करतेयस."

सगळे हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सुंदर दिसणं हे माझं काम नव्हतंच. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर आणायचं होतं: डोंगरातल्या गावात एकटं राहणारं म्हातारं माणूस फोनवरून औषधांची गाडी बोलावू शकेल का?

हा प्रश्न पोकळ नव्हता. वर रोदोपी डोंगरात गोर्नो ब्रेझे नावाचं गाव आहे. तिथे दुकान नाही, दवाखाना नाही, तरुण माणूस औषधालाही नाही. दर आठवड्याला खालून औषधांची गाडी निघते आणि जिथून मागणी आली असेल त्याच गावात थांबते. त्या गावात केरा आजी राहते. तिला हृदयाच्या गोळ्या लागतात. गाडी थांबली तर गोळ्या, नाही थांबली तर नाही. इतकं सरळ आहे ते.

रालित्सानं मला आजीच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आजीनं मला उचलून नाकाशी नेलं.

"ह्या फोनला बानित्साचा वास येतो गं."

"खोटा आहे, आजी. खरा समजून दाबा."

"काय दाबू? हे मुंग्या चिरडल्यासारखं कोणी लिहिलंय?"

"मीच."

"तुझे डोळे तरुण आहेत म्हणून माझे फोडणार का?"

रालित्सानं खोडरबर काढलं आणि अक्षर मोठं केलं.

"हां, आता दिसतंय. पण 'विनंतीची पुष्टी करा' म्हणजे काय? पाद्रीबाबा तरी बोलतात का असं? 'गाडी पाठवा' लिही की सरळ."

तेही खोडलं, तेही लिहिलं. आजीनं आपलं जाड बोट माझ्या बटणावर ठेवलं आणि असं दाबलं की मला मधोमध घडी पडली. ती घडी अजून आहे. माझ्या अंगावरचा एकमेव दागिना.

मित्रांनो, माझं मोल कशात होतं ते नीट ऐका. चकचकीत वस्तूला माणसं नावं ठेवत नाहीत. भितात. "छान आहे हो" म्हणतात आणि मनात म्हणतात, आपल्यालाच कळत नाही. पुठ्ठ्याला कोण भिणार? आजीनं मला तोंडावर सुनावलं, म्हणून खरं काय ते कळलं. आणि चूक दुरुस्त करायला काय लागलं? एक खोडरबर.

मग ल्युबेनला बटण खुपायला लागलं. "म्हाताऱ्यांचे हात थरथरतात," तो म्हणाला. "बटण काढून टाका. फोन गोड आवाजात विचारेल, माणूस नुसती मान हलवेल, कॅमेरा ओळखेल. बघणारे बघत राहतील."

"आधी आजीकडे जाऊन विचारते," रालित्सा म्हणाली. "पुठ्ठ्यावरच विचारते, एका सकाळचं काम आहे."

"पुठ्ठा पुरे झाला, बाई. आता मोठ्यांची कामं करू."

मान ओळखणारा तो भाग त्यांनी बाहेरच्या देशातून तयार आणला आणि कचेरीतल्या कचेरीतच तपासला. मी तेव्हा अर्धवट उघड्या खणात पडून सगळं पाहत होतो. एकेक जण फोनसमोर बसला, मान हलवली, फोननं बरोबर ओळखलं. टाळ्या झाल्या.

आता तुमच्याकडे मान कशी हलते ते मला ठाऊक नाही. आमच्या बल्गेरियात 'हो' म्हणताना ती आडवी हलते, डावीउजवीकडे. 'नाही' म्हणताना वरखाली. बाहेरचं जग नेमकं उलटं करतं, आणि तो विकत आणलेला भागही बाहेरच्या जगाचाच. मग कचेरीत तो चालला कसा? तर ही मुलं दिवसभर कॅमेऱ्यापुढे बसून परदेशी गिऱ्हाइकांशी बोलतात. कॅमेरा दिसला की त्यांची मान आपोआप परदेशी होते. आईनं "जेवलास का" विचारलं की आडवी, कॅमेऱ्यानं विचारलं की उभी. एका मानेवर दोन देश वागवतात, आणि कोणता कधी चालू आहे याचा पत्ता त्यांनाही नसतो. रालित्सालाही नव्हता.

ते ॲप घातलेला नवा फोन आजीला द्यायला रालित्सा गेली, तेव्हा मी तिच्या पिशवीत तळाशी होतो. आजीनं मला ओळखलं.

"ह्याचं आता काय करणार?"

"टाकायचाय."

"टाकतेस कशाला? दे इकडे. माझी खिडकी खडखडते."

अशा रीतीनं मी खिडकीच्या फटीत खोचला गेलो. मला वाईट वाटलं नाही. निदान उपयोगाचा होतो.

आणि तिथून मी काय पाहिलं? गाडीच्या आदल्या दिवशी नवा फोन मधाळ आवाजात म्हणाला, "केरा आजी, उद्या गाडी पाठवू का?" आजीनं मान हलवली. आडवी, जन्मभर हलवत आली तशीच. "बरं," फोन म्हणाला, "आपला दिवस छान जावो." दुसऱ्या दिवशी आजी चांगला रुमाल डोक्याला बांधून पाणवठ्याजवळ उभी राहिली. गाडी आली आणि धूळ उडवत पुढे गेली. गाडी मागवायचा जुना फोन नंबर कचेरीनं बंद करून टाकला होता. आता म्हणे सगळं ॲपवरून.

आजी उरलेल्या गोळ्या सुरीनं अर्ध्या करायला लागली. पुढच्या आठवड्यात फोननं पुन्हा विचारलं. आजीनं ह्या वेळी अशी जोरात मान हलवली की रुमाल सुटला. "बरं," फोन म्हणाला, "आपला दिवस छान जावो." मी जागच्या जागी जळत होतो. माझ्या अंगावर 'गाडी पाठवा' हे बटण ठळक लिहिलेलं होतं आणि मी खिडकी धरून बसलो होतो.

गाडी दुसऱ्यांदा न थांबता गेली, तेव्हा आजी पाणवठ्यावरच कोसळली. शेजारच्या मेतोदी आजोबांनी तिला आपल्या खटाऱ्यात घालून खाली दवाखान्यात नेलं. वाचली. फोनच्या पुण्याईनं नाही.

ती घरी आल्यावर रालित्सा लोकुम मिठाईचा डबा घेऊन आली. ल्युबेनही आला. त्यानं फोन तपासला.

"बिघाड काही नाही. तुम्हीच दोन्ही वेळा नको म्हणालात."

"मी? मी नको म्हणाले?"

"आजी," रालित्सानं विचारलं, "गाडी हवी होती ना तुम्हाला?"

आजीनं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, मठ्ठ पोराला समजावावं तशी. टेबलावरचा फोन लगेच बोलला, "बरं. गाडी रद्द करते."

रालित्साच्या सगळं ध्यानात आलं. ल्युबेननं मात्र थोडा विचार केला आणि तो काय म्हणाला, ऐका. "हरकत नाही. एक पत्रक काढू, चित्रांसकट. मान कशी हलवायची ते गावोगाव शिकवू."

आजी म्हणाली, "पोरा, ही मान ह्या डोक्याखाली तुझ्या बापाच्याही आधीपासून आहे. तुझा फोन काल जन्मला. शिकायचं असेल तर त्याला शिकव."

रालित्सानं मला फटीतून ओढून काढलं. खिडकी खडखडायला लागली. तिनं मला आजीपुढे धरलं आणि आजीनं काही न विचारता माझ्या घडीवर, त्याच बटणावर, बोट दाबलं.

नव्या फोनमध्ये बटण परत आलं. अक्षर मोठं, शब्द आजीचे. गाडी आता पाणवठ्याशी थांबते.

आणि माझं काय झालं? मला काचेच्या चौकटीत बंद करून कचेरीच्या भिंतीवर ठोकलं आहे. खाली पितळी पाटी: 'इथून सुरुवात झाली'. पाहुणे आले की ल्युबेन माझ्याकडे बोट करून सांगतो, "आम्ही आधी माणसांचं ऐकतो." आणि माझ्यापासून हातभर अंतरावर, कोणालाही न विचारता, पुढचं चकचकीत ॲप तयार होत असतं.

मित्रांनो, आत्मकथा सांगणाऱ्या माझ्या बाकीच्या भाईबंदांनी तुम्हाला सांगितलं असेल, आम्हाला जपा, पुसा, सांभाळून ठेवा. मी उलटं सांगतो. तुम्ही उद्या काहीतरी बनवाल. त्या वेळी माझ्यासारख्याला जपू नका. माझ्यावर खोडा, मला दुमडा, फाडा, ज्याच्यासाठी बनवताय त्याच्या उष्ट्या टेबलावर नेऊन आपटा. मला काचेत घालणं हा मान नाही. ती माझं तोंड बंद करायची रीत आहे.

काल आजीनं रालित्साला फोन केला होता. गोळ्या मिळाल्या म्हणाली. मग म्हणाली, "पण माझा पुठ्ठा कुठे नेलास गं? खिडकी परत वाजायला लागली."

"आणते, आजी," रालित्सा म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे पाहिलं. ती चौकट स्क्रूनं पक्की बसवलेली आहे. तुमच्यापैकी कोणाकडे पेचकस असेल तर तेवढा तिला द्या.