बंपरवरची जागा

दिपाला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. हळदीच्या रानाची नांगरट राहिली होती आणि ट्रॅक्टर तिलाच चालवायचा होता. गेल्या उन्हाळ्यात नांगर ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलू नये म्हणून तिचा नवरा विश्वंभर बंपरवर बसला होता. गावात सगळे तसंच माणूस बसवतात. ढेकळाचा धक्का बसून तो खाली पडला आणि चाक पायावरून गेलं. तो अजून कुबडी घेऊन चालतो. तेव्हा स्टेअरिंगवर त्याचे वडील रामकिशन होते. त्या दिवसापासून त्यांनी ट्रॅक्टरला हात लावला नव्हता.

दिपानं मागच्या आठवड्यात नांगर घालून पाहिला, तर मागची चाकं जागेवरच फिरत राहिली. वारंगा फाट्यावरच्या ट्रॅक्टर मेकॅनिक दस्तगीरकडून तिनं काल वजनासाठी मागच्या दोन्ही टायरांत पाणी भरून घेतलं.

"आता चाक माती सोडणार न्हाई, भाभी," तो म्हणाला होता. "पण पुढून हलकं पडंल. लोखंडी वजनं लावल्याबिगर नांगर घालू नका. परवा येतील माझ्याकडं."

तेवढा तिला दम निघाला नाही. शेजारची सगळी रानं नांगरून झाली होती.

नांगराचं पहिलं तास रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं. दुसऱ्या तासाला नांगर खाली कशात तरी अडकला. चाकांनी माती घट्ट धरली आणि समोरचं बॉनेट वर येऊ लागलं. स्टेअरिंग एकदम हलकं झालं. दिपानं जीव खाऊन क्लच दाबला, तसा ट्रॅक्टर धप्पकन खाली आला.

बांधावर येरझारा घालणारे रामकिशन धावत आले. ते थेट बंपरवर चढून बसले.

"घे हळूहळू. मी हाय पुढं."

"उतरा, मामा," दिपा सासऱ्यांना म्हणाली.

"वेळ कशाला घालवतीस? माझं काय, वय झालं आता."

दिपानं इंजिन बंद केलं, चावी काढून मुठीत धरली आणि समोर येऊन उभी राहिली. रामकिशन उतरेनात. मान वाकवून ते खाली पाहत होते.

"इथून चाक लई जवळ दिसतं गं," ते म्हणाले.

तिनं हात पुढं केला. तो धरून ते उतरले आणि दोघं पायीच घरी गेले.

वजनं आली त्या दिवशी दस्तगीरनं रानातच ती बंपरवर बोल्टनं आवळली. जाड पाट्यांची रांग लागली, माणसाला बसायला जागाच उरली नाही. विश्वंभर बांधावर उभा होता. खाली बस म्हटलं तरी बसेना, कुबडी या बगलेतून त्या बगलेत घेत राहिला.

दिपा चावी घेऊन निघाली, तेवढ्यात रामकिशन म्हणाले, "एक तास मी मारू?"

तिनं चावी दिली. ते सीटवर चढले. नांगर मातीत उतरला, पुढची चाकं जमीन धरून राहिली. रानाच्या टोकाला त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि उतरले. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"बस झालं," ते म्हणाले. "आता तू घे."

दिपानं नांगरायला घेतलं. वळण आलं की नजर आपोआप पुढच्या चाकांवर जायची. ती उचलत नव्हती, तरी रान संपेपर्यंत तिचा पाय क्लचवरून हलला नाही.