पहारेकऱ्याची चाल

गौतमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी अनुजा कामाला गेली. काळाचौकीच्या त्या बिल्डिंगीत यावर चर्चा झाली, पण तोंडावर कोणी काही बोललं नाही. पूर्वी तिथं चाळ होती, आता टॉवर उभा राहिला होता. दारं बंद राहायला लागली, लिफ्ट आली, तरी माणसं चाळीतलीच. कोण किती रडलं ते त्यांना बरोबर ठाऊक असायचं. अनुजा रडली नव्हती. दादरच्या एका हॉलमध्ये बॅडमिंटन खेळता खेळता तिचा नवरा कोसळला, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, आणि तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं होतं. दाढ काढताना भूल दिली की आपलाच गाल परक्यासारखा लागतो, तसं तिला सगळ्या अंगाचं झालं होतं. जेवण जायचं, झोप लागायची, फोनवर कोणी विनोद केला तर हसूही यायचं. एवढंच, की ते हसणारी आपण आहोत असं वाटायचं नाही.

तिचं काम आवाज करायचं होतं. परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये व्हिडिओ गेम बनवणारी छोटी कंपनी होती. चित्रं काढणारे वेगळे, प्रोग्राम लिहिणारे वेगळे, आणि पडद्यावर जे जे हलतं, पडतं, मोडतं, त्याला आवाज द्यायचा तो अनुजानं. तयार आवाज इंटरनेटवर हवे तेवढे मिळतात, पण मग सगळ्यांच्या गेममध्ये तेच दार तसंच करकरतं. कंपनी चालवणारा नील वयानं तिच्याहून लहान होता, पण या बाबतीत हट्टी. "आपला किल्ला आपल्यासारखा वाजला पाहिजे," म्हणायचा.

नवा गेम समुद्रातल्या एका किल्ल्याचा होता. एक हेर अंधारात तटावर चढतो, दारूगोळ्याचं कोठार पेटवतो आणि निसटतो. अनुजा लालबागच्या बाजारात पिशवी घेऊन फिरायची आणि वस्तू कानाशी धरून बघायची. हाडं मोडायला सुके बोंबील चांगले. भिजवलेले पोहे मुठीत दाबले की खाडीतला चिखल. जुनी छत्री भराभर उघडमीट केली की घुबड उडायचं. चिवड्याची रिकामी पिशवी माइकपाशी चुरगळली की कोठार पेटायचं. मसाला कुटायच्या डंकाची धबधब तिनं रेकॉर्ड करून आणली आणि संथ करून वाजवली, तर तटावर तोफगोळे पडायला लागले. हे सगळं ती पूर्वीसारखंच नीट करत होती. उलट नील म्हणाला, की हल्ली तिचं काम जास्त स्वच्छ झालंय.

ऑफिसच्या शेजारी नव्या टॉवरचं खोदकाम चालू झालं आणि तिथं रेकॉर्डिंग अशक्य झालं. मग अनुजा दुपारचं घरीच काम करायला लागली. आतल्या खोलीत खिडकीवर गादी उभी केली, भिंतींना गोधड्या टांगल्या. घरात तिच्याशिवाय एकच माणूस होतं, तिची सासू. कमल मूळची मालवणकडची, लग्न होऊन गिरणगावात आली ती इथलीच झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आता मुलगा गेला होता. दुपारी जेवण आटोपलं की ती बाहेरच्या खोलीत आडवी व्हायची. दोघींचं भांडण असं कधी नव्हतं. मुलगा गेल्यावर मात्र दोघी एकमेकींशी फार जपून बोलायच्या, शेजारणीकडून आणलेलं काचेचं भांडं हाताळावं तसं.

त्या दुपारी अनुजाला हेराच्या पावलांचा आवाज हवा होता. तिच्या स्वतःच्या चपलाबुटांचे तळ रबराचे, फरशीवर मुके. चामड्याचा तळ पाहिजे होता. माळ्यावर पितळी पातेलं शोधताना तिच्या हाताला गौतमचे बूट लागले. लग्नात घेतलेले, नंतर क्वचित घातलेले. तिनं ते झटकले, तळ बोटानं वाजवून पाहिला. बरा होता. त्यापलीकडे तिच्या मनात काही आलं नाही. ही गोष्ट तिला नंतर आठवली तेव्हा तिची तिलाच चमत्कारिक वाटली, पण त्या वेळी खरोखरच काही आलं नाही.

बूट पायात फार मोठे झाले, म्हणून तिनं ते हातांत घातले. शहाबादी फरशीचा एक तुकडा जमिनीवर ठेवून ती गुडघ्यांवर बसली, माइक चालू केला, आणि टाच, चवडा, टाच, चवडा, अशी पावलं टाकायला लागली. आधी सावकाश, मग चालत येणाऱ्या माणसाच्या लयीत.

बाहेरून आवाज आला. झोपेतला, सहज.

"इलंस रे? पान वाढू?"

अनुजाचे हात थांबले. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हा टेक, हे रेकॉर्डिंग, वाया गेलं. बोलणं आत आलं.

दार उघडून कमल उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरलेला, डोळे अजून नीट उघडले नव्हते. तिनं सुनेकडे पाहिलं. सून ओणवी बसलेली, हातांत तिच्या मुलाचे बूट. मग अनुजानं एक हात बुटातून काढून माइक बंद केला.

"सॉरी आई. मला सुचलंच नाही."

कमल पलंगाच्या कडेवर बसली. रागावलेली दिसत नव्हती. काहीतरी आठवत असल्यासारखी ती त्या फरशीच्या तुकड्याकडे बघत राहिली.

"असो नाय चालायचो तो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"डावो पाय वाईच घासायचो. सातवीत जिन्यावरून पडलेलो ना. हाड बसला, पण नीट नाय बसला. लोकांका कळायचा नाय. घरात कळायचा."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. हे आपल्या लक्षात होतं की नव्हतं, ते अनुजाला सांगता येईना. कमलनं हात पुढे केला. "आण हयसर."

तिनं मुलाचे जाड मोजे मागून घेतले, त्यावर बूट चढवले, नाड्या आवळून बांधल्या. अनुजानं कपाटाच्या कडेनं आणखी फरशा मांडल्या आणि माइक पुन्हा चालू केला. सुनेच्या खांद्यावर हात ठेवून कमल त्या फरशांवरून चालली. उजवं पाऊल ठाम, डावं येताना किंचित फरपट. तिच्या वयाला तोल सांभाळणं अवघड जात होतं, तरी चाल चुकली नाही. अनुजानं डोळे यंत्रावरच्या हलत्या रेघेवर ठेवले. ऐकायला चांगलं येत होतं. खोलीत तिसरं माणूस असल्यासारखं. तिला वाटलं, आता काहीतरी होईल, गळा दाटेल. ती वाट बघत राहिली. काही झालं नाही.

"पुरे?" कमलनं विचारलं.

"पुरे."

कमलनं बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले आणि चहा टाकायला गेली. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आलेलं तिचं ते "इलंस रे? पान वाढू?" अनुजानं नेहमीच्या सवयीनं कापून टाकलं. टाकल्यावर तिला वाटलं, ठेवायला हवं होतं का? पण तोवर ते गेलं होतं.

नीलनं पावलं ऐकली आणि हेडफोन काढला. "मस्त आलंय. पण हा लंगडतो का?"

"थोडासा."

"हेर आहे गं तो. असा पाय घासत गेला तर पहिल्याच बुरुजावर पकडतील त्याला."

"बरं, दुसरे करते."

"थांब, हे टाकू नको. हे पहारेकऱ्याला देऊ. दक्षिणेच्या तटावर फिरतो ना, किल्ली असलेला, त्याला. खेळणाऱ्याला न बघता कळेल की हा आला." मग तो सहज पुढे बोलला, "आणि त्याच्या पडण्याचा आवाज राहिलाय. किल्ली घ्यायची तर त्याला मारावाच लागतो. मागून वार, आणि धप्पकन. जड पाहिजे, माणूस पडल्यासारखं."

कोणाची चाल आहे हे नीलला माहीत नव्हतं. अनुजानं सांगितलंही नाही. "करते," म्हणाली.

माणूस पडल्यासारखा आवाज सोपा नसतो. नुसती उशी पडली तर उशीच वाजते. गावाहून आलेल्या तांदळाची अर्धी गोणी घरात होती. अनुजानं ती ओल्या चादरीत गुंडाळली, हातापायांचं वजन म्हणून टोकांना भिजवलेले टॉवेल बांधले, कमरेच्या तलवारीसाठी मधे एक उलथनं खोचलं. तिला एकटीला ते धूड उचलवेना. कमल दारात उभं राहून हे सगळं बघत होती.

"ह्या कशाचा?"

खोटं बोलावं असं क्षणभर अनुजाला वाटलं, पण त्यासाठी सुद्धा काहीतरी वाटावं लागतं. "पहारेकरी पडतो त्याचं," ती म्हणाली. "तुम्ही ज्याची पावलं केलीत तो."

"मरता?"

"हो."

कमलनं पदर खोचला आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. "उचल."

दोघींनी ते कमरेपर्यंत उचललं आणि सोडलं. धप्प. उलथनं खणखणलं. अनुजानं ऐकून बघितलं. नाही, हा पोत्याचा आवाज होता. परत उचललं. या वेळी डोक्याकडचं टोक उशिरा सोडलं. जरा बरं. परत. कमलला धाप लागत होती, पण ती थांबूया म्हणेना. पाचसहा वेळा झाल्यावर बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई आल्या होत्या.

"काय पडतंय सारखं गो कमल? मला वाटलं तूच पडलीस."

"तांदूळ हलवतोय," कमल म्हणाली.

"एवढे?"

"जुने आसत. पोरके झालेत." हे ती कशाला म्हणाली ते तिलाही कळलं नसावं. सुंदराबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि लिफ्टकडे वळल्या.

आत येऊन कमल जमिनीवरच बसली, चादरीतल्या गोणीला टेकून.

"आपण दोघी नव्हतो थंय," ती म्हणाली. "तो पडलो तेवा."

"नव्हतो."

"असोच आवाज झालो असतलो?"

"तिथं लाकडी जमीन आहे. थोडा पोकळ आला असेल." अनुजानं कामाच्या माणसाचं उत्तर दिलं.

कमलनं मान हलवली. त्या उत्तराचं तिला काही लागलेलं दिसलं नाही. पुढचं ती चादरीचा पीळ सोडवत, खाली बघत बोलली.

"लोक म्हणतत तू रडाक नाय."

"ठाऊक आहे मला."

"मी रडलंय. सगळ्यांनी बघितल्यानी. पण ता रडणा बायांसाठी होता गो. बायो इल्यो की रडायचंय, गेल्यो की बंद. तेराव्याक माका भूक लागली. वडे दोनदा मागून घेतलंय. हयसर," तिनं पोटावर हात ठेवला, "काय हललाच नाय. आपलो झील गेलो आणि काय हललाच नाय. मी तुझ्याकडे बघायचंय आणि म्हणायचंय, ही रडत नाय म्हणजे हिका खरा दुःख असतला. आतल्या आत."

"माझंही काही हललं नाही, आई," अनुजा म्हणाली. "मी तुमच्याकडे बघून म्हणायचे, बरं आहे, यांना रडता तरी येतंय."

हे बोलून मोकळं वाटावं असं काही नव्हतं, आणि तसं वाटलंही नाही. पण जपून धरलेलं काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं, एवढं मात्र खरं.

"आपण वायट काय गो?"

"माहीत नाही."

कमल गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. अजून एकदा घेऊया. माझ्या बाजून डोक्या आसा ना? मी मागसून सोडतंय."

तोच टेक नीलनं निवडला.

दिवाळीच्या आधी गेम बाहेर आला. परदेशातल्या कोणीतरी त्याच्या आवाजांबद्दल चांगलं लिहिलं, ऑफिसात केक कापला. बोंबील आणि पोह्यांची गोष्ट नीलनं पाहुण्यांना हौसेनं सांगितली. अनुजाही त्यात हसली. घरी कमल म्हणाली, "माका दाखव तरी काय केलंव ता." म्हणून एका दुपारी अनुजानं गेम टीव्हीला जोडला आणि हेराला दक्षिणेच्या तटाखाली आणून लपवलं.

वरून पावलं आली. उजवं ठाम, डावं घासत. कमल पुढे सरकून बसली. पहारेकरी मशालीच्या उजेडात आला, वळला, परत गेला. दाढीवाला, पागोटं घातलेला, कुठल्याच बाजूनं गौतमसारखा न दिसणारा माणूस. पुन्हा आला. पुन्हा गेला. अनुजाच्या हातात कंट्रोलर होता आणि अंगठा बटणावर.

"पुढे कसा जातत?"

"याला मारून. किल्ली याच्याकडे आहे."

"आणि नाय मारलो तर?"

"मग इथंच. हा फिरत राहणार, आपण बघत राहणार."

आणखी दोन खेपा कमलनं ऐकल्या. मग ती म्हणाली, "मार. बसान काय करतलंव."

अनुजानं बटण दाबलं. पहारेकरी पडला. आवाज जड होता, माणूस पडल्यासारखा, जमिनीला लागताना दोन भागांत आलेला, शेवटी तलवारीचा खणका. कमलनं मान डोलावली, चांगलं शिजलंय म्हणताना डोलवायची तशीच, आणि मटार सोलायचे राहिलेत म्हणून आत गेली. अनुजानं किल्ली घेतली, दार उघडलं, कोठारापर्यंत जाऊन टीव्ही बंद केला.

मार्गशीर्ष संपला त्या रविवारी कमलनं बाजारातून मांदेली आणली. ताजी, चकचकीत, भरपूर. ती स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन साफ करायला बसली आणि मधेच रडायला लागली. कोणी आलेलं नव्हतं, कोणाचा विषयही नव्हता. हातात कात्री, बोटांना खवले, आणि घशातून असा आवाज, जो अनुजानं आजवर कधी ऐकला नव्हता आणि जो कशापासूनही करता आला नसता. ती धावत आली. काय झालं, विचारलं. कमलला सांगता येईना. तिनं फक्त परातीकडे हात केला. खूप घेतली होती तिनं, तीन माणसांची.

अनुजा तिच्याशेजारी बसली. पाठीवर हात ठेवला आणि स्वतःकडे लक्ष देऊन पाहिलं. आत अजून तसंच होतं, गार आणि सपाट. तिनं कात्री सासूच्या हातातून काढून घेतली, परात ओढली आणि उरलेली मांदेली साफ करायला लागली. माहेरी गिरगावात मासे आईच करायची, तिला ते कधी नीट जमलं नव्हतं.

"पोटां अशी काढू नको," कमल हुंदक्यांतून म्हणाली. "फाटतली. बोटान काढ."

"अशी?"

"हां. अशी."