ऑक्टोबरात तपासलेली भिंत

मित्रांनो, मी एक म्हातारा पक्षी आहे. तुम्ही आम्हाला पाकोळी म्हणता. माझे पाय इतके तोकडे आहेत की मला फांदीवर बसता येत नाही आणि जमिनीवर चालता येत नाही. मी उडताना खातो आणि उडतानाच झोपतो. घरट्यातून उडालो त्यानंतर मी टेकलो तो एकाच जागी, नेदरलँड्समधल्या लेवार्डन गावात, एका जुन्या भाड्याच्या इमारतीच्या भिंतीतल्या भोकात. त्या भोकाचे जे झाले ते अजून माझ्या डोक्यात शिरत नाही.

माझी जोडीदारीण तिथेच भेटली. वाऱ्यावर उडणारी पिसे आणि काड्या पकडून, थुंकीने चिकटवून आम्ही वाटीएवढे घरटे केले. आमच्यात एक रीत आहे. ऑगस्ट आला की आम्ही आफ्रिकेला जातो, पण बरोबर जात नाही. सगळा हिवाळा ती कुठे असते मला माहीत नसते आणि मी कुठे असतो तिला माहीत नसते. मे महिन्यात दोघे त्याच भोकाशी येतो. आमच्या भेटीला दुसरा पत्ता नाही.

भोकाच्या आतल्या बाजूला हिंकेबाईंची झोपायची खोली होती. गावात घरांची टंचाई असताना ही इमारत बांधली, तेव्हा लोक तिच्यावर खूश होते. पुढे तिच्याकडे कुणी बघेना. भिंती गार पडत, कपाटामागे काळी बुरशी चढे आणि हिंकेबाई अंगात कोट घालून चहा पीत. खालच्या मजल्यावरचे आउके त्यांना चिडवत, "अगं हिंके, लोणी फ्रीजमध्ये ठेव, म्हणजे जरा मऊ होईल."

म्हणून इमारतीच्या मालक संस्थेने दुरुस्ती काढली, तेव्हा सगळ्यांत आधी हो म्हणाल्या त्या हिंकेबाईच. घरे तापवणारा गॅस बंद होणार होता, छपरावर उन्हापासून वीज तयार होणार होती आणि भिंतींना बाहेरून थर्मोकोलसारख्या जाड पाट्या लागणार होत्या. घरे उबदार होतील, धूरही कमी होईल, असे सगळे म्हणत होते. त्यात खोटे काहीच नव्हते. हवा बिघडली की आमचे किडे आधी संपतात, हे मला कुणी शिकवायला नको.

त्या मे महिन्यात मी परतलो तेव्हा इमारतीच्या पलीकडच्या बाजूला परांची बांधली होती. आमची बाजू तशीच होती. माझी जोडीदारीण माझ्या आधी येऊन बसली होती. लवकरच तिने अंडी घातली आणि आम्ही आळीपाळीने ती उबवू लागलो.

एक दिवस काळे ढग आले. अशा हवेत किडे मिळत नाहीत. तिला अंड्यांवर ठेवून मी पाऊस चुकवत दूर समुद्राकडे गेलो. येईपर्यंत दुसरा दिवस उजाडून मावळायला आला होता.

परांची आमच्या बाजूला आली होती. आमची भिंत पांढरी होती.

मला वाटले, इमारत चुकली. मी गिरकी घेऊन पुन्हा आलो. छप्पर तेच होते, खिडकी तीच होती, पण भोक नव्हते. मी वेगाने भोकात शिरायला गेलो आणि छातीवर आपटलो. पुन्हा गेलो. पुन्हा आपटलो. खाली कामगारांनी माना वर केल्या. नवा रंग बघून पक्षी गोंधळलाय, होईल सवय, असे त्यांचे बोलणे झाले.

घरात काय चालले होते ते मला पुढे कळले. हिंकेबाईंना आदल्या दिवसापासून भिंतीत खरवडल्याचा आवाज येत होता. आउके म्हणाले होते, उंदीर असेल, त्यालाही ऊब आवडली असेल. मग आवाज थांबला. "बघ, गेला उंदीर," आउके म्हणाले आणि हिंकेबाईंनाही बरे वाटले.

त्यानंतर त्यांनी मला खिडकीबाहेर आपटताना पाहिले. तशाच घरातल्या सपाता घालून त्या खाली मुकादमाकडे गेल्या. त्याचे नाव विबे. भिंत उघड, असे त्यांनी सांगितले.

"बाई, आत कुणी नाही. आम्ही तपासल्याशिवाय बंद करत नाही."

"कधी तपासलं होतं?"

"ऑक्टोबरात. एकही पक्षी नव्हता."

"ऑक्टोबरात ते आफ्रिकेत असतात. तुम्ही सुट्टीला स्पेनला जाता, तेव्हा तुमचं दार कुणी लिंपून टाकतं का?"

विबे करवत घेऊन परांचीवर चढला. त्याने पाटी कापली, मागे भरून कडक झालेला फेस उकरला आणि आत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा ती त्याच्या तळव्यावर गार होऊन पडली होती. तिच्या नखांत फेसाचे कण अडकले होते. तिला तशीच तळव्यावर घेऊन तो खाली उतरला.

"भोक परत बुजवू का?" त्याने विचारले. "उघडं राहिलं तर तुमच्या खोलीत गारवा येईल."

"येऊ दे," हिंकेबाई म्हणाल्या. "स्वेटर आहे माझ्याकडे."

विबेने ते भोक ठेवले. थंडी आत जाऊ नये म्हणून मागे एक लाकडी पेटी बसवली आणि उरलेल्या भिंतींचे काम तिथल्या सगळ्या पाकोळ्या ऑगस्टात उडून जाईपर्यंत थांबवले. मित्रांनो, मला सर्वांत मोठा धक्का याचाच बसतो. तिथे दुष्ट कुणीच नव्हते. सगळे भले लोक होते आणि भले काम करत होते.

मी अजून दर वर्षी येतो. पेटी कोरडी आहे, चांगली आहे. मी तिच्यात एका कडेला सरकून बसतो. दुसरी बाजू मोकळी राहते.

तेव्हा जुनी घरे जरूर दुरुस्त करा, गारठलेल्या माणसांना ऊब द्या. फक्त भिंत बंद करण्याआधी आत कोण राहते ते बघा. आणि बघायला मे महिन्यात या. तेव्हा आम्ही दोघे घरी असतो.

म्हणजे, मी असतो.