सालीचा अर्क

"ताई, तुझ्याच हाताखालून जातं ना ते औषध? मग आण की चमचाभर!" दवाखान्यातल्या खाटेवरून भाऊ म्हणाला, आणि बहिणीने उगाचच त्याची चादर सारखी केली.

भाऊ रंगारी. एका इमारतीच्या कामावर गंजका खिळा टाचेत घुसला आणि महिन्याभरात जखम घोट्याच्या वर सरकली. एकामागून एक अँटिबायोटिक्स देऊन झाली, पण जंतू कशालाच दाद देईना. आणि बहीण सतरा वर्षं ज्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथे एका झाडाच्या सालीच्या अर्काने नेमका हाच जंतू काचेच्या बशीत मरत होता. हे तिनेच मोठ्या कौतुकाने घरी सांगितलं होतं. आता जीभ चावून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेतल्या सरांना गाठलं. "सर, थोडासा अर्क... भावासाठी."

"बाई, बशीत जंतू मरतो. पण बशीला यकृत नसतं," सर हलकेच म्हणाले. "उंदरांचं काय झालं, हे तुम्हाला मी सांगायला हवं?"

नको होतं. अकराच्या अकरा उंदीर तिनेच पिशवीत भरले होते.

तरी दुपारी, सगळे जेवायला गेलेले पाहून, तिने फ्रिजमधली कुपी पर्समध्ये टाकली. बसथांब्यापर्यंत गेली. दवाखान्याच्या दोन बस सोडल्या. मग मुकाट्याने परत येऊन कुपी जागेवर ठेवली. त्या दिवशी भावाकडे जायचा तिला धीरच झाला नाही.

चौथ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापला.

भावजयीने बोलणं टाकलं. "नोकरी प्यारी, दुसरं काय!" एवढंच एकदा ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

भाऊ घरी आल्यावर ती भेटायला गेली, ती दाराशीच घुटमळली.

"डॉक्टर सांगत होते, असली औषधं आधी उंदरांना देतात," भाऊ म्हणाला. "तुमचे किती जगले?"

"एकही नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर मागायचा थांबला असतास?"

"नाही. तरी आणच म्हटलं असतं."

"आणि मी आणलं असतं रे."

स्वयंपाकघरातला भावजयीच्या भांड्यांचा आवाज थांबला.

भावाने उरलेला पाय पोटाशी घेतला आणि खाटेवर तिच्यापुरती जागा केली.