‘शांत हो’ हा निरोप

"मुलगी नाटकं करते. आईनं लाडावून ठेवलंय तिला," मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गात आकडीचा झटका येऊन तिची भाची बाकावरून पडली होती. तिला दवाखान्यात न्यायचं सोडून, शुद्धीवर आल्यावर यांनी कोपऱ्यात उभं केलं! शेजारी बसलेली ताई, म्हणजे मुलीची आई, मुकाट्यानं ऐकून घेत होती.

मावशीचं संशोधनच मेंदूच्या पेशींवर होतं. ती कडाडली, "अहो बाई, मेंदूतल्या पेशी एकमेकींना ‘शांत हो’ असा निरोप देतात. तो ऐकणारे रिसेप्टर पेशीच्या आत तयार होतात. त्यांना नेमक्या जागी पोचवायला आणि तिथं धरून ठेवायला एक आधाराचं प्रथिन लागतं. माझ्या भाचीत जन्मापासून तेच सदोष आहे, तपासणीत निघालंय. ऐकणारे जागेवर पुरेसे नाहीत, मग निरोप पोचणार कसा? पेशी शांतच होत नाहीत आणि आकडी येते. यात लाड कुठून आले?"

"आम्हाला काय माहीत?" मुख्याध्यापिका पुटपुटल्या.

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतं! आता माफी मागा. माझी नको, ताईची."

मग मुख्याध्यापिका ताईकडे वळल्या. "चुकलंच आमचं."

"मला काय सांगता?" इतका वेळ गप्प असलेली ताई म्हणाली. "माझ्या लेकीला सांगा. सगळ्या वर्गासमोर सांगा."

मुख्याध्यापिका उठून वर्गाकडे निघाल्या. मावशी मात्र अजून धुमसतच होती.